नालीत डासांचा थवा, आजार मात्र वरच्या आळीत: असं का?

आधी तुमचा प्रश्न पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गाव औसा तालुक्यातलं. पोळ्यापासून घरोघरी सांधे धरलेले पेशंट, आणि तपासणीला पाठवलेल्या रक्तजल नमुन्यांपैकी काही चिकनगुनियाला पॉझिटिव्ह. नालीकाठच्या खालच्या वस्तीत संध्याकाळी बोलायला तोंड उघडलं तर डास आत जातो, पण तिथं पेशंट बोटांवर मोजण्याइतके. वरच्या आळीत नाली नाही, डास ‘दिसतच नाहीत’, आणि तिथल्या जुन्या माळवदाच्या घरांत आजीपासून नातवापर्यंत सगळे आडवे. ग्रामपंचायतीनं नालीवर दोनदा फवारलं, धूरही मारला, फरक नाही.

त्यावर तुमचे प्रश्न तीन. सगळेच डास हा विषाणू पसरवतात का? पसरवत असतील तर कोण जास्त, कोण कमी? आणि शेतातल्या जुन्या टायरात सापडलेल्या काळ्या-पांढऱ्या ‘टायगर’ डासाला किती भ्यायचं? जाता जाता तुम्ही एक ओळ लिहिली आहे: खालच्या वस्तीला हातपंप आहे आणि वरच्या आळीला नळाचं पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. माझ्या मते अर्धं उत्तर त्या ओळीतच आहे. पण तिथवर पोचायला डासाच्या पोटातून जावं लागेल.

माझी नोकरी कीटकशास्त्रीय सर्वेक्षणात गेली, बहुतेक मराठवाड्यातच. या कामात एक गैरसमज गावोगाव भेटतो. लोक धोका मोजतात तो चाव्यांवर आणि गुणगुणण्यावर. ज्या डासानं रात्रभर झोपू दिलं नाही तोच गुन्हेगार. सरपंचाकडं तक्रार जाते ती त्याचीच, फवारणी होते ती त्याच्यावरच. पण विषाणूच्या बाबतीत डासांची संख्या हा हिशेबातला सगळ्यात हलका आकडा आहे. त्याच्या आधी दोन गोष्टी बघाव्या लागतात. त्या जातीच्या डासाच्या शरीरातून हा विषाणू पार होऊन लाळेपर्यंत पोचू शकतो का? आणि पोचू शकत असेल, तर त्या डासाचं राहणं, खाणं, जगणं असं आहे का, की एका माणसाकडून घेतलेला विषाणू तो दुसऱ्या माणसापर्यंत नेईल?

तुमचं गाव मी पाहिलेलं नाही, हे आधीच सांगतो. वरच्या आळीत जास्त पेशंट असण्याला इतरही कारणं असू शकतात. चिकनगुनिया एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही. खालच्या वस्तीत मागच्या एखाद्या साथीत बरेच जण आजारून गेले असतील, तर या वेळी ती वस्ती वाचलेली दिसेल. किंवा तिथले लोक तापाला दवाखान्यात जातच नसतील. त्यामुळं खाली लिहितोय तो माझा अंदाज समजा; तपासायचं कसं तेही सांगतो.

आता डासाच्या पोटात. पुष्कळांना वाटतं की सोंडेला रक्त लागलं, दुसऱ्याला चावला, झाला रोग. तसं असतं तर एड्ससुद्धा डासांनी पसरला असता. तो पसरत नाही, कारण एचआयव्ही डासाच्या पोटात रक्ताबरोबर पचून जातो आणि सोंडेला लागलेलं रक्त अगदीच नगण्य असतं. डासातून पसरणाऱ्या विषाणूला डासाच्या शरीरात वाढावं लागतं. मादीनं रक्त प्यायलं की विषाणू आधी तिच्या आतड्याच्या पेशींत शिरला पाहिजे. शिरला तर तिथं वाढून आतड्याच्या भिंतीतून बाहेर, शरीरातल्या द्रवात आला पाहिजे. तिथून लाळग्रंथींत घुसला पाहिजे, आणि शेवटी लाळेत उतरला पाहिजे. यातल्या कुठल्याही एका टप्प्यावर अडला की ती मादी जन्मभर चावत राहिली तरी तुम्हाला खाजेपलीकडं काही देत नाही.

प्रयोगशाळेत हे तपासायची रीत बघण्यासारखी असते. पातळ पडद्याखाली विषाणू मिसळलेलं कोमट रक्त ठेवून माद्यांना पाजतात. पोट भरलेल्या माद्या वेगळ्या काढून साधारण २८ अंशांना सात, दहा, चौदा दिवस सांभाळतात. मग मादी बेशुद्ध करून तिचे पाय आणि पंख तोडतात आणि सोंड एका बारीक काचेच्या नळीत अडकवतात; नळीतल्या थेंबात ती लाळ सोडते. धड वेगळं तपासायचं, पाय वेगळे, लाळ वेगळी. धडात विषाणू आहे पण पायात नाही, म्हणजे तो आतड्यातच अडकला. पायात आहे, लाळेत नाही, म्हणजे लाळग्रंथीनं अडवला. लाळेत सापडला तरच ती मादी रोग देऊ शकते. म्हणून ‘अमुक डासात विषाणू सापडला’ अशी बातमी वाचली की मी आधी विचारतो, कुठं सापडला? आजारी माणसाला नुकत्याच चावलेल्या कुठल्याही डासाच्या पोटात विषाणू सापडेलच.

या कसोटीवर तुमच्या नालीतला डास उभा करा. तो क्युलेक्स, पूर्ण नाव क्युलेक्स क्विन्क्वीफॅशिएटस. तपकिरी, अंगावर उठून दिसणारे ठिपके नाहीत, रात्री कानाशी गुणगुणणारा, घाण पाण्यात वाढणारा. चिकनगुनिया आणि डेंग्यूसाठी तो नापास आहे. विषाणू त्याच्या शरीरात नीट रुजतच नाही, त्यामुळं नालीवर तो हजारांनी असला काय आणि लाखांनी असला काय, या दोन तापांच्या हिशेबात त्याची किंमत शून्य. शून्याला कितीनंही गुणलं तरी काय येणार.

याचा अर्थ क्युलेक्स निरुपद्रवी आहे असा नाही. हत्तीरोग तोच पसरवतो, आणि नांदेडकडं त्या रोगाच्या गोळ्या घरोघरी का वाटतात ते तिकडच्या लोकांना ठाऊक आहे. वेस्ट नाइल विषाणूलाही तो चालतो. भातखाचरातले त्याचे भाऊबंद जपानी मेंदूज्वर पसरवतात. आपल्याकडं भात कमी म्हणून त्याची चर्चाही कमी. झिकाच्या वेळी मात्र क्युलेक्सवरून संशोधकांत चांगलीच जुंपली होती. २०१६ च्या सुमारास ब्राझील आणि चीनमधल्या काहींनी क्युलेक्समध्ये झिका वाढतो असं दाखवलं, तर इतर बऱ्याच प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून ‘आमच्या क्युलेक्सात वाढत नाही’ असं सांगितलं. पारडं आज दुसऱ्या बाजूला झुकलेलं आहे. पण यातून एक गोष्ट लक्षात ठेवा: क्षमता ही डासाच्या जातीला कायमची चिकटवलेली पाटी नसते. कोणत्या गावचा डास, विषाणूचा कोणता वाण, रक्तात विषाणू किती दाट, हवा किती गरम, यावर टक्केवारी खालीवर होते.

डास आणि रोग यांची जोडी जुळावी लागते, हे आपल्या जवळच्याच मुलखात सिद्ध झालं. रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर सिकंदराबादेत हिवतापाच्या मागं लागला होता. तेव्हा मराठवाडाही त्याच निजामाच्या राज्यात. रॉस पेशंटवर डास सोडायचा, मग ते फाडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, आणि काहीच हाती लागायचं नाही. कारण घरात सहज मिळणारे, म्हणजे आज ज्यांना आपण क्युलेक्स आणि एडिस म्हणतो तसे डास तो वापरत होता. ऑगस्ट १८९७ मध्ये त्याला पंखांवर ठिपके असलेले वेगळे डास मिळाले, ते ॲनाफिलीस. २० ऑगस्टला त्यांच्या पोटाच्या भिंतीवर हिवतापाच्या जंतूच्या गाठी दिसल्या. पुढच्या वर्षी कोलकात्यात त्यानंच दाखवलं की पक्ष्यांचा हिवताप हाच करड्या रंगाचा क्युलेक्स पसरवतो. माणसाच्या हिवतापाला नापास झालेला डास पक्ष्यांच्या हिवतापाला पास. सव्वाशे वर्षं होऊन गेली, तरी आपण अजून सरसकट ‘डास’ म्हणूनच फवारतोय.

आता चिकनगुनियाचा खरा वाहक, एडिस इजिप्ती. काळा, पायांवर पांढरे पट्टे, आणि भिंग धरलं तर पाठीवर पांढऱ्या रेषा: मधे दोन सरळ, बाहेरून दोन वळणदार. याच्या पोटात विषाणू चांगला रुजतो, पण दरवेळी पैकीच्या पैकी माद्यांत तो लाळेपर्यंत पोचतो असंही नाही. निव्वळ पोटाच्या कसोटीवर एखाद्या प्रयोगात दुसरी जात याच्या पुढं जाते. याचा खरा जोर आहे तो वागण्यात.

एडिस इजिप्ती माणसाच्या घरात जन्मते, घरातच बसते आणि जवळजवळ माणसाचंच रक्त पिते. गाय-म्हैस अंगणात बांधलेली असली तरी ती माणसाकडं येते. शिवाय एका बैठकीत पोट भरत नाही. झटकली की उडते, दुसऱ्याला चावते, पुन्हा तिसऱ्याला. एका घरातले चार जण दोन-तीन दिवसांच्या अंतरानं आजारी पडतात त्यामागं बऱ्याचदा हेच असतं. ती दिवसा चावते, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त, आणि घोट्या-कोपरांपाशी, आवाज न करता. म्हणून ‘आमच्याकडं डासच नाहीत’ असं तुमच्या वरच्या आळीतले लोक प्रामाणिकपणे सांगतात. त्यांना ती ऐकू येत नाही. माळवदाच्या घरातल्या मधल्या अंधाऱ्या खोलीत जा, खुंटीवर टांगलेली धोतरं-सदरे टॉर्च धरून हळू हलवा. कपड्याच्या आतल्या बाजूनं, कॉटखालून, देवळीच्या कोपऱ्यातून एखाद-दुसरा बारीक काळा डास उठेल. आम्ही काचेच्या नळीनं ओढून पकडायचो ते याच जागांवरून. एका खोलीत दोन-तीन मिळाले तरी ते पुष्कळ झाले.

संख्येला मी हलकं का म्हणतो, त्याचा हिशेब जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी १९५० च्या दशकात हिवतापासाठी मांडला, तोच या तापांनाही लागू पडतो. सूत्र लिहीत बसत नाही, अर्थ सांगतो. डासांची संख्या त्या सूत्रात एकदाच येते. माणसाला चावण्याची सवय मात्र दोनदा येते, कारण विषाणू घेताना एकदा आणि देताना एकदा, अशा दोन वेळा माणूसच चावला गेला पाहिजे. म्हणजे दर दोन चाव्यांपैकी एकच माणसाला घेणारा डास, फक्त माणसालाच चावणाऱ्या डासाच्या निम्म्यावर नाही, पाव हिश्श्यावर येतो. आणि सगळ्यात जड आकडा म्हणजे रोज जगून राहण्याचं प्रमाण, कारण विषाणू लाळेत उतरेपर्यंतचे सगळे दिवस मादी जिवंत राहिली पाहिजे.

आकडे घालून बघा. शंभर माद्यांनी आज एका पेशंटचं रक्त प्यायलं. रोज नव्वद टक्के जगत असतील, तर दहाव्या दिवशी ३५ उरतात. रोज ऐंशी टक्के जगत असतील, तर उरतात फक्त ११. फरक दहा टक्क्यांचा, परिणाम तिपटीहून जास्त. डेंग्यूला डासाच्या अंगात साधारण आठ ते बारा दिवस लागतात, म्हणून हे गणित डेंग्यूला जाचतं. चिकनगुनिया घाईचा आहे. दोन-तीन दिवसांपासून आठवड्याभरात तो लाळेत येतो. तीनच दिवस लागले तर ऐंशी टक्के जगणाऱ्या माद्यांतल्याही ५१ उरलेल्या असतात. त्यात चिकनगुनियाच्या पेशंटच्या रक्तात पहिल्या काही दिवसांत विषाणू प्रचंड दाट असतो. म्हणून चिकनगुनिया गावात शिरला की महिन्या-दोन महिन्यांत अख्खी आळी पिंजून काढतो, आणि डेंग्यू त्या मानानं इथं एक तिथं एक असा रेंगाळतो. तुमच्या वरच्या आळीत नेमकं हेच चाललेलं दिसतंय.

‘टायगर’ डासाकडं वळू. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात पाठीवर मधोमध एकच पांढरी सरळ रेघ आहे, म्हणजे तो एडिस अल्बोपिक्टस. हा झाडीतला, बागेतला, घराबाहेरचा डास. माणसाला चावतो, पण कुत्रं, गुरं, कोंबडी, समोर येईल त्याचं रक्त चालतं. वर सांगितलेल्या दुहेरी हिशेबात तो तिथंच मार खातो. डेंग्यूच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. अनेक प्रयोगांत डेंग्यूचा विषाणू याच्या आतड्यात इजिप्तीपेक्षाही सहज शिरतो, पण तिथून बाहेर पडून शरीरभर पसरताना मागं पडतो. पहिल्या परीक्षेत वरचा नंबर, दुसरीत गटांगळी.

चिकनगुनियात मात्र या डासाचं नाव जगभर झालं ते विषाणूतल्या एका बारीक बदलामुळं. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये साथ आली. तिथं इजिप्ती फारच थोडी, अल्बोपिक्टस भरपूर. तरीही बेटावरच्या जवळपास एक तृतीयांश लोकांना लागण झाली. तपासात दिसलं की विषाणूच्या बाहेरच्या ई१ या प्रथिनात २२६ व्या जागेवर ॲलानिन हे अमिनो आम्ल जाऊन व्हॅलिन आलं होतं. एवढ्या बदलानं अल्बोपिक्टसला बाधा व्हायला लागणारी विषाणूची मात्रा प्रयोगशाळेत सुमारे शंभर पटींनी कमी झाली. इजिप्तीत या बदलाचा तसा फायदा दिसला नाही. २००७ मध्ये हाच बदल केरळात आढळला, जिथं रबराच्या मळ्यांत चीक गोळा करायच्या वाट्यांत पावसाचं पाणी साचून अल्बोपिक्टस मुबलक. त्याच वर्षी केरळातून गेलेल्या एका प्रवाशामुळं इटलीतल्या दोन खेड्यांच्या परिसरात साथ पसरली, सुमारे दोनशे जणांना. युरोपातल्या थंड गावात चिकनगुनिया, तोही अल्बोपिक्टसच्या पायी.

२००६ मध्ये महाराष्ट्रात पसरलेल्या विषाणूत मात्र हा बदल नव्हता. आपल्याकडची साथ इजिप्तीनंच ओढली. त्यानंतर भारतातल्या काही वाणांत वेगळे दोन बदल सापडले, जे इजिप्तीच्या अंगात विषाणूला जास्त मानवतात असं प्रयोगांत दिसलं. म्हणजे विषाणूही जिथं जो डास मिळेल त्याच्याशी जुळवून घेत राहतो. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: टायरातला टायगर डास दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण औशाच्या कोरड्या माळावर या साथीचं खापर त्याच्यावर फोडू नका. टायर रिकामं करून उन्हात टाका किंवा भोकं पाडा, आणि नजर घरातल्या पाण्याकडं वळवा.

मराठवाड्याच्या उंबरठ्यावर हा आजार नवा नाही, हे तुमच्या आजीला कदाचित माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. १९७३ मध्ये धाराशिवच्या शेजारच्या बार्शीत चिकनगुनियाची मोठी साथ झाली होती, पाहणीत ३७.५ टक्के लोक आजारलेले आढळले. त्यानंतर तो देशातून जणू गायबच झाला. मग २००० साली पुणे जिल्ह्यातल्या यवतमध्ये पकडलेल्या इजिप्ती डासांतून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चिकनगुनियाचा विषाणू वेगळा काढला. साथ नव्हती, ओरड नव्हती, पण डासात विषाणू होता, आणि तो बार्शीच्या वेळच्या आशियाई वाणाचा नव्हता, आफ्रिकी वाणाचा होता. पुढं २००५ च्या शेवटी आंध्र-कर्नाटकातून साथ उसळली आणि २००६ मध्ये बीड, लातूर, धाराशिव, नांदेडकडची गावंच्या गावं वाकून चालायला लागली. त्या एका वर्षात देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. यवतच्या त्या डासांचा दाखला मी नव्या कर्मचाऱ्यांना नेहमी देतो: पेशंट मोजणं वेगळं आणि डास तपासणं वेगळं.

आपल्या बेसाल्टच्या मुलखात आणखी एक एडिस आहे, एडिस व्हिटॅटस. खडकातल्या खळग्यांत साचलेल्या पावसाच्या पाण्यात वाढतो, पाठीवर पांढऱ्या बारीक ठिपक्यांच्या जोड्या. तो चिकनगुनिया पसरवू शकतो हे प्रयोगशाळेत १९८७ मध्येच दाखवलं गेलं आहे. पण गावातल्या साथीत त्याचा वाटा मोठा असल्याचं मला कधी जाणवलं नाही. पोट पास, पण राहणं खडकात आणि माणसाशी गाठ कमी. क्षमता आणि प्रत्यक्ष धोका यांत केवढं अंतर असतं, ते या डासाकडं बघून नीट कळतं.

हवेचंही बोलायला हवं. इजिप्तीकरवी डेंग्यूसारख्या तापांचा प्रसार साधारण २९ अंशांच्या आसपास सगळ्यात जोरात होतो, अल्बोपिक्टसकरवी २६ च्या आसपास. आपलं ऑगस्ट ते ऑक्टोबरचं हवामान त्याच टापूत येतं. एप्रिल-मेच्या ४२ अंशांत बाहेर डास टिकत नाही, पण घरात कूलर चालू असतो, कोपऱ्यात रांजण पाझरत असतो, आणि इजिप्तीला तेवढा गारवा पुरतो. अंडी तर पाण्याशिवाय कित्येक महिने तग धरतात. म्हणून उन्हाळ्यात कोरडा पडलेला कूलर पुढच्या वर्षी पाणी भरताच अळ्या देतो, आणि लोक म्हणतात नळाच्या पाण्यातूनच अळ्या आल्या.

आता तुमच्या त्या ओळीकडं. वरच्या आळीला पाणी आठ-दहा दिवसांनी. म्हणजे प्रत्येक घरात पिंप, सिमेंटची टाकी, रांजण, न्हाणीतला हौद, आणि एकही भांडं पूर्ण रिकामं होत नाही. अर्धं संपलं की नळ येतो आणि वरून भरून घेतात. आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला सात-आठ दिवस पुरतात. पाण्याची पाळी आणि डासाची पिढी एकाच वेळापत्रकावर चालतात. खालच्या वस्तीत हातपंप उशाशी असल्यानं घागर-दोन घागरींपलीकडं कोणी साठवत नाही. ज्या गावानं २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलेलं पाहिलं आहे, तिथल्या माणसाला ‘पाणी साठवू नका’ असं सांगणं हा शुद्ध आगाऊपणा ठरेल. साठवणारच. प्रश्न झाकण्याचा आणि घासण्याचा आहे.

माझा अंदाज बरोबर की चूक, ते तुम्ही एका दुपारी तपासू शकता. वरच्या आणि खालच्या वस्तीतली साधारण सारखी घरं घ्या. प्रत्येक घरातलं पाण्याचं प्रत्येक भांडं मोजा आणि अळ्या असलेलं वेगळं लिहा. टाकीवर एकदम वाकू नका, सावली पडली की अळ्या तळाला जातात. आधी थोडं थांबा, मग टॉर्च मारा. एडिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ उभी लटकते, प्रकाश पडताच नागमोडी वळवळत खाली पळते. ॲनाफिलीसची अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असते. ती स्वच्छ टाकीत दिसली तर हिवतापाचा विचार करा. क्युलेक्सच्या अळ्या नालीत झुपक्यानं डोकं खाली करून तिरप्या लटकलेल्या दिसतील. कूलरचा ट्रे, फ्रीजमागचा ट्रे, गच्चीवरचे फुटके डबे, गुरांचं टाकं, देवघरामागची मनी प्लांटची बाटली विसरू नका. वरच्या आळीत शंभरातल्या वीस-पंचवीस घरांत एडिसच्या अळ्या आणि खाली नगण्य, असं निघालं तर मला आणखी पुराव्याची गरज वाटणार नाही. उलट निघालं तर आजार खाली आधीच येऊन गेला होता का, हे विचारायला लागा.

उपाय याच क्रमानं निघतात. आठवड्यातून एक दिवस, शक्यतो नळ यायच्या आदल्या दिवशी, भांडी रिकामी करून आतून घासायची. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण एडिस अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटवते. घासणी किंवा काथ्यानं ती पट्टी खरवडली पाहिजे. घासता न येणाऱ्या मोठ्या टाक्यांसाठी आरोग्य सेवकाकडून ॲबेट, म्हणजे अळ्या मारणारं औषध, टाकून घ्या, मात्रा त्यांनाच मोजू द्या. गप्पी मासे आडात, गुरांच्या टाक्यात आणि हौदात उत्तम काम करतात. पिण्याच्या रांजणात लोक ते सोडू देत नाहीत आणि त्यांचं म्हणणंही रास्त आहे, तिथं फडकं घट्ट बांधलेलं पुरे.

धुराचं यंत्र गल्लीत आलं की बायका पहिली गोष्ट करतात ती दारं-खिडक्या लावून घेण्याची. धूर बाहेर, इजिप्ती आत खुंटीवरच्या कपड्यांत. त्यातून संध्याकाळी नालीवर धूर मारला म्हणजे मेला तो क्युलेक्स. मारायचाच असेल तर पेशंट निघालेल्या घरांत आणि आसपासच्या घरांत, दारं उघडी ठेवून, सकाळी किंवा दिवस मावळायच्या आधी; इजिप्ती सहसा शे-दोनशे मीटरपलीकडं जात नाही, तेवढा टापू धरा. याहून स्वस्त आणि हमखास उपयोगाचं काम म्हणजे तापाच्या पहिल्या आठवड्यात पेशंटला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवणं. घरच्यांना ते विचित्र वाटतं, दिवसा मच्छरदाणी कशाला म्हणून. पण त्या चार-पाच दिवसांत डासाला त्याचं रक्त मिळालं नाही तर पुढची साखळी तिथंच तुटते.

राहिली नाली. क्युलेक्स या तापाचा धनी नाही म्हणून नालीचं काम सोडून देऊ नका. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी शोषखड्डे घेऊन उघड्या नाल्याच बंद केल्या. तिथं रात्रीचा त्रास गेला, आणि हत्तीरोगाच्या दृष्टीनंही ते फायद्याचंच. फक्त ग्रामसभेत दोन्ही विषय वेगळे मांडा: शोषखड्डे रोजगार हमीतून घ्यायचे, आणि वरच्या आळीतल्या टाक्या-पिंपांची तपासणी याच आठवड्यात आशाताईंना बरोबर घेऊन सुरू करायची. मोजणीचे आकडे इथं टाका, त्यावर बघून सांगतो.